दहा चालतंय, मग अकरा कशाला?

रत्नागिरीत राम आळीतल्या डीटीपीच्या दुकानात जा, मारुती मंदिराजवळच्या एखाद्या कर सल्लागाराकडे जा, नाहीतर आंब्याच्या पेट्यांची बिलं काढणाऱ्या बागायतदाराच्या घरी. संगणकाचा विषय निघाला की हाच सवाल येतो: 'दहा चालतंय ना नीट? मग अकरा कशाला?' सवाल विंडोजच्या आवृत्त्यांचा आहे आणि तो रास्तही आहे. चालत्या गाड्याला उगाच खीळ कुणी घालावी? फक्त 'चालतंय' म्हणजे नेमकं काय चालतंय, ते एकदा बघायला हवं.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० बाजारात आणलं २९ जुलै २०१५ रोजी आणि त्याचं पाठबळ थांबवलं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. बिलं निघत राहिली, पत्रिका छापल्या गेल्या, यूट्यूब चालू राहिलं. थांबली ती दर महिन्याला फुकट येणारी दुरुस्ती. ती येत होती तेव्हाही आपण 'आत्ता नको, नंतर' असं म्हणत तिला टाळतच होतो. त्यामुळे ती थांबल्याचं कुणाला फारसं जाणवलं नाही.

ही दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. विंडोज म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम. त्यात चुका असतात, कायम असणार. त्यांतल्या काही अशा असतात, की बाहेरच्या माणसाला त्यातून थेट संगणकाचा ताबा घेता येतो. चूक सापडली की कंपनी फाइल बदलून पाठवते. आता गंमत बघा. चोरही ती नवी फाइल उतरवून घेतात आणि जुन्या फाइलशी ताडून पाहतात. दोन्हींत फरक जिथे आहे, तिथेच भोक होतं, हे उघड होतं. विंडोज ११ हे नाव नवं असलं तरी आतला बराचसा माल दहाचाच आहे. आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक आजही '१०.०' नेच सुरू होतो. म्हणजे अकरासाठी निघालेली प्रत्येक दुरुस्ती दहातल्या बिनदुरुस्त भोकाचा पत्ता जगजाहीर करू शकते. पाठबळ संपलेली प्रणाली आहे तिथेच राहत नाही, महिन्यागणिक ती जास्त धोक्याची होत जाते, ते यामुळे.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१७ साल आठवा. विंडोजच्या फाइल वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीत एक दोष होता. मायक्रोसॉफ्टनं त्याची दुरुस्ती १४ मार्चला दिली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' सुटला आणि कुणी कशावर क्लिक न करताच एका संगणकातून दुसऱ्यात घुसत जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायची, हा त्याचा धंदा. सर्वाधिक मार बसला तो विंडोज ७ ला. त्याचं पाठबळ तेव्हा चालू होतं, दुरुस्तीही दोन महिन्यांपासून हजर होती, लोकांनी ती घेतली नव्हती एवढंच. त्यानंतर २७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यानं ठप्प केलं. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. पण ते टर्मिनल चालवणाऱ्या जागतिक कंपनीचे संगणक त्यात सापडले आणि न्हावाशेव्याला कंटेनर अडकले. त्या नॉटपेट्याचा शिरकाव झाला होता हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून!

म्हणजे अपडेट न घेणारा बुडतो आणि कधीकधी घेणाराही. १९ जुलै २०२४ तर ताजंच आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून ठेवले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. 'बघा, आम्ही सांगत नव्हतो?' असं म्हणणाऱ्यांना त्या दिवशी जोर आला. मला त्यातून एवढंच दिसतं, की नवीन काही आलं की चार दिवस थांबून घ्यावं. कधीच न घेणं ही निराळी गोष्ट, आणि तिचा हिशेब बराच महाग पडतो.

बरं, अकरा घ्यायचं ठरवलं तरी आपला संगणक ते घेईल का? इथेच बहुतेकांची गाडी अडते. मेमरी ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी या अटी किरकोळ आहेत. खरी अट आहे टीपीएम २.० नावाच्या चिपची, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीस आलेला किंवा त्यानंतरचा हवा. ही चिप करते काय? संगणक सुरू होताना एक प्रोग्रॅम दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला कारभार सोपवत जातो. सोपवण्याआधी पुढच्याचा गणिती ठसा काढून चिपमध्ये नोंदवला जातो. नवी नोंद आधीच्या नोंदीत मिसळूनच होते. जमिनीच्या फेरफारांसारखं आहे हे: मधली एक नोंद गुपचूप बदलली की पुढचा मेळ बसत नाही. मेळ बसला नाही तर डिस्कच्या कुलपाची किल्ली चिप देत नाही.

अनेक संगणकांत ही सोय प्रोसेसरमध्येच असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डांवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. ती चालू केली की 'अपात्र' ठरलेला संगणक एकदम पात्र होतो. दुकानात 'नवीनच घ्यावा लागेल' असं ऐकण्याआधी हे तपासून घ्या. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट साधन पात्रता सांगतं. अटींना बगल देऊन अकरा घालणारेही आहेत, 'फॉरमॅट मारून देतो, काळजी नको' म्हणणारे. चालतं ते, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या दुरुस्तीसाठी एवढा खटाटोप केला, तिचीच खात्री नाही, मग केलं कशाला?

जाता जाता एक गैरसमज. 'संगणक हळू झालाय, नवीन विंडोज टाकून बघू' हे मी फार ऐकतो. हळूपणाचं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला अर्धी फेरी मारायला ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. शिवाय आतला दांडा जागेवर यायला आठ-दहा मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला जेमतेम ७०-८०. साधी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो तुकडे वाचते. डिस्क बदला, मग विंडोजचा विचार करा.

आता आपल्या गावच्या खऱ्या दुखण्याकडे येतो, ते म्हणजे मराठी. रत्नागिरीतल्या डीटीपीवाल्यांच्या संगणकात लग्नपत्रिका आहेत, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आहेत, उत्सवांचे अहवाल आहेत, दिवाळी अंक आहेत. बहुतेक मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, नाहीतर सी-डॅकच्या फाँटांत. या जुन्या फाँटांची युक्ती अशी, की संगणकाला तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच वाटतो, फक्त चित्र देवनागरीचं दिसतं. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' काढलेला आहे. फाँट गेला की उरतो इंग्रजी अक्षरांचा काला.

अकरावर जाताना इथे दोन खोडे पडतात. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, ३२-बिट आवृत्तीच नाही. ३२-बिट दहावर डॉसच्या काळातले फॉक्सप्रोचे हिशेबाचे प्रोग्रॅम चालू शकत होते. ६४-बिट विंडोजमध्ये ते थेट चालत नाहीत, डॉसबॉक्ससारखी आडवाट घ्यावी लागते. आणि ज्या जुन्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाला खोचायची परवान्याची किल्ली, लागतो, त्या डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. म्हणून पत्रिका छापणारा दुकानदार 'दहाच बरं' म्हणतो, त्यात आळस कमी आणि व्यवहार जास्त असतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तो संगणक हलवला नसता. फक्त त्याचं इंटरनेट काढून टाकलं असतं, आणि मेल, बँक, यूपीआयचं खातं, जीएसटी हे सगळं दुसऱ्या संगणकावर नेलं असतं. जाळ्यात नसलेल्या संगणकाला वॉनाक्रायसारखं काही थेट गाठू शकत नाही. पेनड्राइव्हमधून मात्र येऊ शकतं, तेवढं सांभाळावं लागेल.

उलट बाजूही सांगायला हवी. मराठीला नव्या विंडोजनं पुष्कळ दिलं आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक; देवनागरी युनिकोड नीट दाखवण्याची सोय विंडोज २००० मध्ये आली. एक्सपीत ती होती, पण नियंत्रण कक्षात जाऊन खूण करावी लागे आणि मग संगणक सीडी मागायचा. सीडी सापडायची नाही आणि 'क्ष'चे तुकडे पडद्यावर पडून राहायचे. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये आलंच २००८ साली, ५.१ व्या आवृत्तीत. २००१ च्या एक्सपीच्या फाँटात ते असणार कसं? तिथे 'ॲड' लिहिलेलं 'चौकोन-ड' दिसायचं. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि विंडोज ७ ला ते अपडेटमधूनच मिळालं. अपडेट म्हणजे नुसती भोकं बुजवणं नव्हे, ते असंही.

मग करायचं काय? संगणक पात्र असेल, त्यावर डोंगलचं किंवा डॉसचं काही नसेल, तर अकरा घ्यावं. अधिकृत दहा असेल तर ते फुकट मिळतं. अंगवळणी पडायला आठवडा लागेल, स्टार्टचं बटन मधोमध गेल्याबद्दल कुरकुर होईल, ती होऊ द्या. संगणक अपात्र असेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली आहे. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग साठवायला तयार असाल तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. कचेऱ्यांना दर संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, असं तीन वर्षं. या भावात तिसऱ्या वर्षी नवा संगणक परवडेल.

तिसरा रस्ता लिनक्सचा. तो आपल्याकडे उगाच अवघड समजला जातो. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं त्यावरच शिकतात. २०२४ सालच्या उबुंटू २४.०४ ला पाच वर्षं फुकट दुरुस्ती आहे, म्हणजे २०२९ पर्यंत. विंडोज ११ नं नाकारलेला सहाव्या पिढीचा लॅपटॉप त्यावर सुखानं चालतो आणि युनिकोड मराठी उत्तम दिसतं. ज्याचं काम ब्राउझर, पत्रं आणि तक्ते एवढंच आहे, त्यानं पेनड्राइव्हवरून चालवून बघावं. डिस्कला हात न लावता बघता येतं. डीटीपीवाल्याला मात्र हा रस्ता मी सुचवणार नाही. त्याचं जुनं सॉफ्टवेअर तिथे धड चालणार नाही.

काहीही ठरवा, ऐन आंब्याच्या आणि लग्नाच्या हंगामात करू नका. शिवाय वैशाखातल्या वळवाच्या दिवसांत वीज भरवशाची नसते. बदल चालू असताना वीज गेली तर विंडोज बहुधा सावरतं, पण बायोसचं अपडेट अर्धवट राहिलं तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. यूपीएसची बॅटरी आधी तपासा. अकराच्या नव्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खात्यानं नवी मांडणी केली तर बऱ्याच संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली त्या टीपीएममध्ये राहते. विजेच्या लोळानं मदरबोर्ड जळला की किल्लीही गेली. मग ४८ आकडी पुनर्प्राप्ती क्रमांकच उपयोगी पडतो. तो तुमच्या खात्यात असतो, पण कागदावर लिहून कपाटात ठेवलेला बरा. अकरा रुचलं नाही तर दहा दिवसांत परत दहावर येता येतं, हेही लक्षात असू द्या.

फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क वेगळ्या घरात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हे कारण देऊन सांगायची गरज नसावी.

शेवटी डीटीपीवाल्यांना एक विनंती. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून ठेवा, जोवर तो जुना संगणक जिवंत आहे तोवर. परिवर्तक फुकट मिळतात, पण आंधळेपणानं विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. 'मार्मिक' शब्दात जुनी फाइल आधी पहिली वेलांटी, मग 'म', मग रफार ठेवते. युनिकोडला आधी 'र्', मग 'म', मग वेलांटी हवी. परिवर्तक चुकतो तो इथे, म्हणून वेलांटी, रफार आणि 'वाऱ्या'तला 'ऱ्या' एवढे डोळ्यांखालून घाला. पाऊस लागला की दुकानात गर्दी कमी असते. या जूनमध्ये एका स्मरणिकेपासून सुरुवात करा.