एकशे तीस डॉलरची सही

सुपरमॅनचा अलीकडचा कोणताही चित्रपट लावला की पडद्यावर एक लहानशी ओळ येऊन जाते : या पात्राचे निर्माते जेरी सिगेल आणि जो शूस्टर. घरातील नातवंडे त्या वेळी लाह्यांच्या वाटपात गुंतलेली असतात आणि मोठ्यांना त्या नावांशी काही देणेघेणे नसते. वस्तुतः पेढीवर बसणाऱ्या माणसाने थांबून वाचावी अशी ती ओळ आहे. १९४८ साली ती पुसली गेली आणि १९७५ च्या अखेरीस परत मिळाली. मधल्या सत्तावीस वर्षांचा हिशेब एका धनादेशापाशी जाऊन पोचतो, आणि त्या धनादेशाच्याही आधी दोन शाळकरी मित्रांच्या गप्पांपाशी.

दोघांचाही जन्म १९१४ चा. सिगेल अमेरिकेतील क्लीव्हलँडचा, शूस्टर कॅनडातील टोरांटोचा. शूस्टर दहा-एक वर्षांचा असताना त्याचे कुटुंब क्लीव्हलँडला आले आणि ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये ही जोडी जमली. दोन्ही घरे युरोपातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू माणसांची, आणि दोन्ही घरांचा चरितार्थ कापडावर चाललेला. सिगेलच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते, शूस्टरचे वडील शिंपीकाम करीत. १९३२ च्या जून महिन्यात दुकानात चोरी झाली आणि त्याच घटनेत सिगेलच्या वडिलांना हृदयविकाराने मृत्यू आला. गोळी ज्याला लागत नाही असा नायक पुढे या मुलाच्या डोक्यातून निघाला, याचा संबंध काही अभ्यासक या रात्रीशी जोडतात. दुकान बंद करताना गल्ल्याची किल्ली चाचपून पाहणाऱ्या कोणालाही तो संबंध अशक्य वाटणार नाही.

या दोघांच्या गप्पांचा विषय ठरलेला असे. ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथांच्या मासिकात या वेळी काय आले, परग्रहावर माणूस गेला तर त्याच्या शक्तीचे काय होईल, डग्लस फेअरबँक्स पडद्यावर कमरेवर हात ठेवून कसा उभा राहतो, हॅरॉल्ड लॉइडचा चष्मा. सिगेल लिही, शूस्टर काढी. १९३२ मध्ये सिगेलने ‘सायन्स फिक्शन’ नावाचे स्वतःचे नियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढले. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले, पण तो नायक नव्हता. तो टक्कल असलेला खलपुरुष होता. पुढच्या दीड-दोन वर्षांत याच नावाचा माणूस सज्जन झाला. एका रात्री झोप येईना, तुकड्या-तुकड्यांनी कथा सुचत गेली, आणि पहाट होताच आपण शूस्टरच्या घरी धावत गेलो, अशी आठवण सिगेल यांनी उतारवयात अनेकदा सांगितली आहे.

त्या गप्पांतील बहुतेक ऐवज कथेत जसाच्या तसा उतरला. फेअरबँक्सची उभे राहण्याची ढब सुपरमॅनला मिळाली, लॉइडचा चष्मा व संकोच क्लार्क केंटला. नायकाच्या शहराचे नाव मेट्रोपोलिस ठेवले, ते फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या जर्मन चित्रपटावरून. केंट ज्या वृत्तपत्रात नोकरी करतो त्याचे पहिले नाव ‘डेली स्टार’ होते, कारण शूस्टर लहानपणी टोरांटोमध्ये ‘स्टार’ हेच वृत्तपत्र रस्त्यावर विकत असे. चित्रे काढायला कागद नसे, म्हणून भिंतीला चिकटवण्याच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर काम चाले. फळी आईची, कणीक मळण्याची. शुक्रवारी शब्बाथचा पाव मळायचा असला की ती परत करावी लागे. शूस्टरची दृष्टी तेव्हापासूनच अधू होती.

माल तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. वृत्तपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या संस्थांनी एकामागून एक नकार कळवले आणि तीन-चार वर्षे ही कथा पडून राहिली. दरम्यान १९३५ पासून हे दोघे न्यूयॉर्कच्या एका चित्रकथा-कंपनीसाठी पानामागे ठरलेल्या दराने इतर पात्रे रचून पाठवीत होते. १९३८ मध्ये त्याच व्यवसायातील डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीला नव्या मासिकासाठी मजकूर हवा होता. कंपनीची सूत्रे हॅरी डोनेनफेल्ड यांच्याकडे आणि हिशेब जॅक लायबोविट्झ यांच्याकडे. हे लायबोविट्झ शिक्षणाने लेखापाल. तेरा पानांची कथा, पानाला दहा डॉलर, एकूण एकशे तीस.

आता तो धनादेश. तारीख १ मार्च १९३८, रक्कम ४१२ डॉलर. त्यात आधीच्या कामांचे देणे समाविष्ट आहे आणि तपशिलात एक नोंद आहे : सुपरमॅन, १३० डॉलर. आदात्यांच्या दोन्ही नावांचे स्पेलिंग चुकलेले आहे. ज्यांनी बँकेत काम केले आहे त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. नाव चुकीचे लिहिलेले असेल तर पाठीवर प्रथम तशाच स्पेलिंगने सही करावी लागते व खाली खरी सही द्यावी लागते. त्या दोघांनी तसेच केले. ज्या कंपनीने त्यांचे पात्र कायमचे घेतले, तिच्या खातेवहीत त्यांची नावेही नीट लिहिलेली नव्हती, याचा लेखी पुरावा त्या पाठीवर आहे.

धनादेशाबरोबर एक कागदही होता. त्या कथेचे व पात्राचे सर्व हक्क, त्यासोबतच्या गुडविलसह, कंपनीला कायमचे दिले, असा त्याचा आशय. गुडविल या शब्दाशी मी मुद्दाम थांबतो. पेढीची वाटणी होते तेव्हा मालाचा साठा, फर्निचर, येणे-देणे हे सारे एका दिवसात निघते. भांडण लागते ते नावाच्या किमतीवर. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या दुकानाच्या नावाची किंमत ठरवणे अवघड असले तरी ठरवता येते. पण ज्या नावाखाली अजून एक पैचाही व्यवहार झालेला नाही त्याचे गुडविल किती? मार्च १९३८ मध्ये त्याचे खरे उत्तर शून्य असेच होते. त्यामुळे कंपनीने त्या दिवशी फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. सर्वांनी नाकारलेला माल तिने प्रचलित भावाने घेतला आणि छपाईचा धोका पत्करला. आर्थिक मंदीच्या काळात तेवीस वर्षांच्या, घरच्या गरजेने वाकलेल्या दोन मुलांना एकशे तीस डॉलर ही रक्कम लहान नव्हती. माझा आक्षेप त्यानंतरच्या वागणुकीवर आहे.

एप्रिल १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला बाजारात आला. जानेवारी १९३९ मध्ये सुपरमॅन दैनिकांत आला, १९४० मध्ये रेडिओवर, १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंच्या व्यंगपटांत. १९५२ पासून जॉर्ज रीव्हज यांची दूरचित्रवाणी मालिका सहा वर्षे चालली. यातील प्रत्येक माध्यमाने पैसा आणला आणि तो त्या एका कागदाच्या धारकाकडे गेला. सप्टेंबर १९३८ मध्ये सिगेल-शूस्टर यांच्याशी दहा वर्षांचा कामाचा करार झाला होता आणि काही वर्षे त्यांची कमाई खरोखरच चांगली होती, हेही नोंदवले पाहिजे. पण ती मजुरी होती. उत्पन्नाचा वृक्ष दुसऱ्याच्या आवारात होता.

सिगेल १९४३ मध्ये लष्करात भरती झाले. ते तेथे असताना त्यांनीच पूर्वी सुचवलेली आणि कंपनीने नाकारलेली ‘सुपरबॉय’ ही कल्पना त्यांना न विचारता प्रसिद्ध झाली. १९४७ मध्ये दोघे न्यायालयात गेले. सुपरबॉयबाबत निर्णय सिगेल यांच्या बाजूने झाला, सुपरमॅनबाबत तो जुना कागद आड आला. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, त्यातील मोठा वाटा वकिलांकडे गेला, आणि त्यानंतर चित्रकथांवरून त्यांची नावे नाहीशी झाली. १९५९ च्या सुमारास सिगेल त्याच कंपनीसाठी पुन्हा लिहू लागले. आपल्याच मानसपुत्राच्या कथा, पानाच्या दराने, नावाशिवाय. शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

पुढचा दावा हक्कांच्या नूतनीकरणासाठी होता. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात पहिली अठ्ठावीस वर्षे संपल्यावर स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. हे दुसरे पर्व तरी आपले, असे लेखकांचे म्हणणे. १९७४ मध्ये अपील न्यायालयाने तेही त्या १९३८ च्या कागदात गेले असा निकाल दिला.

न्यायालयाची वाट संपल्यावर १९७५ मध्ये सिगेल यांनी वृत्तपत्रांना एक प्रदीर्घ पत्रक पाठवले. सुपरमॅनवर भव्य चित्रपट येत आहे, हक्कांसाठी व कलावंतांसाठी लाखो डॉलर मोजले जात आहेत, आणि त्याचा एक जनक लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करतो तर दुसरा न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहतो, ही वस्तुस्थिती लोकांसमोर आली. जेरी रॉबिन्सन आणि नील ॲडम्स या दोन व्यंगचित्रकारांनी प्रकरण हाती घेतले. वॉर्नर कम्युनिकेशन्स ही तेव्हाची मालक कंपनी. कायद्याने तिच्यावर एका डॉलरचेही बंधन नव्हते. डिसेंबर १९७५ मध्ये तिने प्रत्येकाला वर्षाला २०,००० डॉलर, वैद्यकीय विमा आणि सर्वत्र नाव छापण्याचे मान्य केले. वाटाघाटीत नावाचा मुद्दा शेवटपर्यंत अडला होता, पैशाचा नव्हे. रॉबिन्सन यांनी तो सोडला नाही, हे मला त्या साऱ्या व्यवहारातील सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

१९७८ च्या त्या चित्रपटात सुपरमॅनच्या पित्याची भूमिका मार्लन ब्रँडो यांनी केली. पडद्यावरील काही मिनिटांसाठी त्यांना ३७ लाख डॉलर मिळाले. वर्षाला २०,००० या दराने तेवढी रक्कम जमायला एका निर्मात्याला १८५ वर्षे लागली असती. आकडेमोडीची सवय जात नाही म्हणून आणखी एक गणित. १३० डॉलर द. सा. द. शे. ६ टक्के चक्रवाढीने १९३८ पासून २०१२ पर्यंत ठेवले असते तर सुमारे ९,७०० डॉलर झाले असते. २०१२ मध्ये तो वटलेला धनादेश, म्हणजे बँकेच्या भाषेत ज्याचे मूल्य संपले आहे असा कागद, लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. आणि दहा सेंटच्या त्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना विकली गेली. ही रक्कमही अर्थात निर्मात्यांची नव्हे.

याच व्यवसायात उलट उदाहरणेही आहेत. बॅटमॅनच्या बॉब केन यांनी सौद्यात आपले नाव पक्के करून घेतले, पण पात्र घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते बिल फिंगर त्या कागदात नव्हते. फिंगर १९७४ मध्ये वारले आणि त्यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले २०१५ मध्ये. मित्राने मित्राचे नाव गाळले, हे कंपनीने गाळण्यापेक्षा मला अधिक बोचते. दुसरीकडे जॉर्ज लुकास. ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये आला, त्याआधी स्टुडिओशी बोलताना त्यांनी मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढील भागांचे आणि खेळणी-कपडे इत्यादी वस्तूंचे हक्क मागितले. स्टुडिओला त्या हक्कांत काही दम दिसला नाही. २०१२ मध्ये लुकास यांनी आपली कंपनी डिस्नेला चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीस विकली.

आपल्याकडील वाचकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण आता आपल्या घरांतही कोणी वेष्टनांची चित्रे काढते, कोणी बालकथांच्या चित्रफिती करते. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असे मानले जात नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. मात्र नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक सामान्यतः मालकच असतो. आणि ‘कायमचे’ हा शब्द कागदात स्पष्ट असेल तर पाच वर्षांची तरतूद मदतीला येत नाही. सही करण्यापूर्वी तो शब्द शोधावा.

शूस्टर १९९२ मध्ये वारले, सिगेल १९९६ मध्ये. अमेरिकेच्या १९७६ च्या नव्या कायद्याने जुनी हस्तांतरणे रद्द करण्याची एक संधी लेखकांना व वारसांना दिली होती. सिगेल यांच्या पत्नी जोॲन आणि कन्या यांनी १९९७ मध्ये तशी नोटीस दिली. जोॲन या तरुणपणी चित्रकथेतील लोइस लेनसाठी शूस्टर यांच्यासमोर बसल्या होत्या. २००८ मध्ये न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला, पण २०१३ मध्ये अपील न्यायालयाने २००१ सालच्या वकिली पत्रव्यवहारात तडजोड झालीच होती असे ठरवले आणि हक्क कंपनीकडे राहिले. जोॲन त्याआधी दोन वर्षे वारल्या होत्या. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचे अमेरिकेतील स्वामित्व १ जानेवारी २०३४ रोजी संपेल आणि त्यातील तेरा पाने कोणालाही, एकही डॉलर न देता, छापता येतील.