स्प्रिंग कुणासाठी?

‘‘मला नको रे तुझ्या त्या गाडीत. कंबरेचा पार भुगा होतो,’’ आई म्हणाली आणि माझ्या धाकट्या भावाचा चेहराच पडला. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी त्याच्याकडे दोन महिने राहायला गेले होते. त्याची एक लाडकी गाडी आहे, २००४ सालची बीएमडब्ल्यू ३३० सीआय. दोन दारांची कूपे, हौसेनं जुनी घेतलेली. घरातली मोठी गाडी भावजय कामावर नेते. म्हणजे आईला देवळात, डॉक्टरांकडे न्यायचं तर हीच. दोन खेपांनंतर आई घरातच बसून राहिली. परक्या देशात, टीव्हीसमोर.

‘‘ताई, रस्तेच खराब आहेत,’’ भाऊ म्हणाला. ते काही खोटं नव्हतं. अमेरिकेतही खड्डे असतात हो! हिवाळ्यात भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि डांबर उखडतं. बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ गाडीच्या पोटाला गंज चढवतं ते वेगळंच. पण त्याच रस्त्यावर भावजयीच्या गाडीत आई आरामात बसायची की! शेवटी एका संध्याकाळी मीच कूपेचा पुढचा कोपरा जोर देऊन दाबला नि सोडला. (आमच्या जुन्या मारुतीमुळे ही विद्या मला येते.) एकदा वर येऊन थांबायला हवं होतं, ही बाई तीनदा डुलली.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं वेगळी. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते, खड्डा गिळते. पण गिळल्यावर ती उड्या मारत राहते, तिला आवरतो तो शॉकअप. त्याच्या नळीतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उडीचा जोर जिरतो. पुढच्या चाकांना दोन्ही एकत्र बसवलेले असतात, तो स्ट्रट. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी इंजिनिअरची ही रचना, आपल्या मारुती ८०० लाही पुढे तीच होती. या कूपेत मागे मात्र स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. वीस वर्षांत शॉकअप थकणारच. पण थकल्यावर नुसते हबके बसत नाहीत, चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते. हे कळल्यावर मी भावाच्या मागेच लागले.

त्याची यादी तयारच होती. ३० मिलिमीटरनं बुटक्या, कडक स्प्रिंगा! ‘‘गाडी रस्त्याला चिकटून पळते ताई, आणि दिसते काय!’’ सोळा वर्षांची भाची बापाच्या बाजूनं. मी म्हटलं, आधी आईला उतरताना बघ. कूपेची सीट मुळातच खाली. आई एका हातानं दार धरते, दुसरा गुडघ्यावर टेकते, तेव्हा कुठे उठते. तिला अजून तीन सेंटिमीटर खाली बसवणार? गावच्या म्हाताऱ्या बायकांना मी डोळ्यांच्या शिबिराला जीपनं नेते. त्यांची सगळी भीती त्या चढण्या-उतरण्यातच असते. शिवाय बुटक्या स्प्रिंगेला दबायला जागा कमी. मोठा खड्डा आला की गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते आणि हबका सरळ मणक्यात.

दोन दिवस अबोला. चाळिशीचा बाप्या, पण तोंड फुगवायची सवय लहानपणचीच.

तिसऱ्या दिवशी त्यानं मूळ उंचीच्या स्प्रिंगा मागवल्या आणि बिल्स्टीनचे साधे, मूळ गाडीसारखे शॉकअप. (त्याच कंपनीच्या पिवळ्या, कडक शॉकअपवर त्याचा डोळा होता, तो सुटता सुटत नव्हता.) सगळं जोडीनं बदलायचं, एका बाजूचं कधीच नाही. वरची रबरी बैठक, ठोकळे, धुळीची टोपी तीही नवी. जुनी रबरं ठेवून नवे शॉकअप बसवणं म्हणजे नव्या साडीला विटका फॉल लावणं.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसले. स्ट्रटवरची स्प्रिंग नीट आवळून धरल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. ‘‘भाड्यानं हत्यार आणून घरीच करतो,’’ म्हणाला. मी नाही म्हणजे नाही म्हटलं. स्ट्रट काढून गॅरेजमध्ये नेले. मागचं काम बापलेकीनं अंगणात केलं, गाडी नुसत्या जॅकवर न सोडता स्टँडवर टेकवून. गंजलेला एक बोल्ट भाचीनं अर्धा तास झुंजून काढला आणि काळे हात सगळ्यांना दाखवत हिंडली.

मग चाकांचं अलाइनमेंट. या गाडीचं ते सीटवर आणि डिकीत ठरावीक वजनं ठेवून करतात, म्हणजे माणसं बसलीत असं धरून. मला ते फार आवडलं. गाडी बनवणाऱ्यांना माणसं आठवली होती!

रविवारी आई पुढे बसली, मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. वाटेतला तो मोठा खड्डा आला. धप्प असा नुसता आवाज झाला. भाऊ तिरक्या नजरेनं आईकडे बघत होता. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘अरे, ती ओक ट्री रोडवरची आपली दुकानं अजून किती लांब? मला गवार घ्यायचीय.’’