विश्लेषण : कोइंब्रातील पुतळे आणि जुन्या गोव्यातील भग्न मनोरा, संबंध काय?

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन चर्चचा अर्धवट उभा मनोरा अनेक पर्यटकांच्या मोबाइलमध्ये असतो. त्याच्या पडझडीची सुरुवात ज्या हुकमाने झाली, तो काढणाऱ्या मंत्र्याचा पुतळा मात्र पोर्तुगालच्या कोइंब्रा या विद्यापीठनगरीत आहे.

हा मंत्री कोण?

मोंदेगु नदीवरील सांता क्लारा पूल ओलांडला की पोर्ताजें चौकात जुआकिं आंतोनियु द आगियार यांचा पुतळा दिसतो. आगियार मूळचे कोइंब्राचेच. मे १८३४ मध्ये त्यांच्या हुकमाने पोर्तुगालमधील पुरुषांचे धार्मिक संघ बरखास्त झाले, मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. लोकांनी त्यांना ‘माता-फ्राद्श’, म्हणजे ‘साधूंचा मारेकरी’ असे नाव ठेवले. प्रत्यक्षात त्यांनी कोणालाही मारले नव्हते, मठ तेवढे बंद केले.

हुकूम गोव्यातही लागू झाला. १८३५ मध्ये ऑगस्टिनियन साधूंना मठ सोडावा लागला. देखभाल थांबली आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि दुसऱ्याच वर्षी आगियार यांचा पुतळा उभा राहिला. चर्चला सत्तेपासून दूर ठेवू पाहणाऱ्या नव्या प्रजासत्ताकाला असाच नायक हवा होता!

मग राजांचे पुतळे कधीचे?

टेकडीवरच्या विद्यापीठाकडे जाताना १२५ पायऱ्यांचा भव्य जिना लागतो. वर राजा दिनिश उभा आहे. १२९० मध्ये विद्यापीठ स्थापन करणारा हाच. आतल्या प्रांगणात राजा जॉन तिसरा आहे. १५३७ मध्ये विद्यापीठ कायमचे कोइंब्रात आणणारा आणि फ्रान्सिस झेवियर यांना गोव्याकडे धाडणारा राजा तो हाच. दोघांना पाहून पुतळेही शतकानुशतके तिथेच असावेत असे वाटते. पण दोन्ही विसाव्या शतकातले, फ्रान्सिस्कु फ्रांकु या एकाच शिल्पकाराचे.

तेव्हा देशात सालाझार यांची हुकूमशाही होती. सालाझार स्वतः याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. १९४० च्या दशकात त्यांच्या राजवटीने टेकडीवरची जुनी वस्ती पाडायला घेतली. घरे, गल्ल्या, दुकाने गेली. रहिवाशांना शहराच्या इतर भागांत हलवले. त्या जागी रुंद रस्ते आणि चौकोनी इमारती आल्या. १८८१ मध्ये उभारलेले कवी कामोंइश यांचे स्मारकही या कामात उतरवले गेले. ते पुन्हा उभे राहायला बरीच वर्षे लागली. वस्तीतल्या माणसांसाठी मात्र राजांच्या तोडीचा पुतळा नाही.

विद्यार्थ्यांचे काय?

दिनिशच्या पुतळ्याच्या चौकातच गणित विभागाची इमारत आहे. १७ एप्रिल १९६९ रोजी तिच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष अमेरिकु तोमाश आले होते. विद्यार्थी नेते आल्बेर्तु मार्तिंश यांनी बोलण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. रात्री मार्तिंश यांना अटक झाली. पुढे विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला. राजवट १९७४ मध्ये कोसळली. मार्तिंश नंतर देशाचे न्यायमंत्री झाले.