क्रोम नेमका कुठे हरतो?

वाळूजच्या बजाज कारखान्याचं उद्घाटन 1985 साली राष्ट्रपती झैलसिंग यांनी केलं. दुचाकीशी आपल्या भागाचं नातं असं जुनं. त्याच बजाजची 2005 सालची अ‍ॅव्हेंजर मोटरसायकल जुन्या वळणाची, क्रोमने लखलखणारी. हा क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन! लोखंडाला खरं राखतं ते खालचं निकेल. क्रोमच्या अदृश्य भेगांतून पाणी झिरपत राहिलं की निकेल पोखरतं, खालचं लोखंड गंजतं आणि तांबूस ठिपके उमटतात. म्हणून पावसात वेरूळ-खुलताबादचा घाट करून आलात, तर आधी सायलेन्सर गार होऊ द्या, चिखल पाण्याने सोडवा, मऊ फडक्याने कोरडं करा, मडगार्डला मेण लावा. स्पोकची मुळं मी कधीच सोडत नाही. पाणी तिथेच दडून बसतं.