ओहोटीच्या वाटेवरचे बूट

अंदमानातल्या शहीद द्वीपावरचा, म्हणजे जुन्या नील बेटावरचा, नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटी गाठावी लागते. पाणी मागे सरलं की लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर लांबवर खडक उघडे पडतात. सुरुवातीला सुटे गोटे, पुढे मेलेल्या प्रवाळाचा खरबरीत कातळ, त्यावर हिरवं शेवाळ आणि मध्येमध्ये साचलेली डबकी. डबक्यांत छोटे मासे, खेकडे, समुद्रकाकड्या. खडकांच्या फटींत लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन. इथे पायांत काय घातलंय यावर डोळ्यांना काय दिसणार तेही ठरतं. घसरण्याच्या धास्तीने ज्याची नजर पायांवरून हलत नाही, त्याला डबक्यातला मासा दिसतच नाही.

सेल्युलर जेल बघून पुढे या बेटांवर जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ. त्यांच्या सामानात टोपी असते, गॉगल असतो, खाऊचे डबे असतात. पाण्यात घालायचे बूट मात्र क्वचितच. निघण्यापूर्वी मी दादरच्या दुकानांमध्ये अशा बुटांसाठी बरीच पायपीट केली आणि घेतलेला जोड या खडकांवर वापरून पाहिला. त्यातून जे कळलं ते निघण्याआधी कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

रबरी स्लिपर सगळ्यात आधी बाजूला ठेवावी. पाण्यात ती पायातून सुटते, फटीत अडकते, आणि टाच व बोटं उघडीच राहतात. पट्ट्यांच्या सँडलचा तळ मजबूत असतो, पण पुढून बोटं उघडी असल्याने पहिली ठेच तिथेच लागते; शिवाय तळव्याखाली शिरलेला प्रवाळाचा चुरा चालताना टोचत राहतो. पावसाळ्यात आपण घालतो त्या बंद प्लॅस्टिकच्या सँडल स्वस्त आणि टिकाऊ असतात, पण कडक प्लॅस्टिक ओल्या शेवाळावर घसरतं.

उरतात दोन प्रकार. एक, जाळीदार कापडाचे आणि रबरी तळाचे हलके अ‍ॅक्वा शूज. दुसरा, डायव्हर वापरतात ते निओप्रीनचे बूट. निओप्रीन हा बंद बुडबुड्यांचा फेसाळ रबर असतो; बुटांसाठी तो बहुधा ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा वापरतात. अंदमानच्या कोमट पाण्यात त्याच्या उबेची गरज नाही, पण घोट्यापर्यंत येणारा हा बूट खडकावर घासून होणाऱ्या जखमा टाळतो. आठवडाभराच्या सहलीला मात्र चांगल्या तळाचे जाळीदार बूट पुरतात, आणि ते लवकर वाळतात.

चांगला तळ ओळखायचा कसा? बूट हातात घेऊन दुमडावा. मधोमध पोळीसारखा घडी होत असेल तर परत ठेवावा. चवड्यापाशी वाकला आणि मधे ताठ राहिला तर उत्तम. अंगठ्याने तळ जोरात दाबून आतून बोट लावावं. दाब सहज जाणवला तर प्रवाळाची धारही जाणवणार. पुढे बोटांवर रबराची पट्टी हवी आणि पाणी निघून जायला तळाशी किंवा बाजूला भोकं हवीत. पाय दिवसभरात थोडे फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं. ओला झाल्यावर बूट सैलावतो, तेव्हा दुकानात टाच किंचितही उचलली जात असेल तर तो जोड घेऊ नये. घरी आणल्यावर तो बादलीत भिजवून ओल्या फरशीवर चालून बघावं. घसरायचंच असेल तर घरी घसरलेलं बरं.

तरीही बूट म्हणजे चिलखत नव्हे. सी-अर्चिनचा काटा पातळ रबरातून आत जातो आणि ठिसूळ असल्याने तिथेच मोडतो. दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात. त्यांच्यापुढेही साधा तळ टिकेलच असं नाही. म्हणून वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा सरपटत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच निघून जातो. विषारी काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावा, ४५ अंश सेल्सिअसच्या वर नाही, आणि लगेच डॉक्टर गाठावा. प्रवाळाने कापलं तर जखम साबण आणि स्वच्छ गोड्या पाण्याने नीट धुवावी. आत राहिलेल्या कणांमुळे ती चिघळते.

वेळ निवडणं हे बूट निवडण्याइतकंच महत्त्वाचं. कोकणात खडपावर कालवं काढायला जाणाऱ्या बायका तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, अंदमानातही असते. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब तिथे लागू पडत नाही, तिथल्या भरतीची घड्याळी वेळ वेगळी असते. वेळ स्थानिक वाटाड्याला विचारावी आणि पाणी चढायला लागायच्या आत परतावं. आमचा वाटाड्या पाऊल टाकण्याआधी प्रत्येक खडक चवड्याने चाचपत होता. आम्हीही तसंच चालायला शिकलो.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाय सुरक्षित झाला की माणूस बिनधास्त होतो आणि जिवंत प्रवाळावरही उभा राहतो. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. जे एका पावलाखाली मोडतं, ते घडायला कित्येक वर्षं लागलेली असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलायचा नाही. स्नॉर्केलिंग करताना थकवा आला तर रिंग धरून तरंगावं, खाली पाय टेकू नयेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात उतरतानाही हेच लागू आहे.

म्हणून बूट घ्यावेत ते वाळू, गोटे आणि मेलेला कातळ यांच्यासाठी. जिथे जिवंत प्रवाळ सुरू होतो, तिथे कितीही चांगला बूट असला तरी पाऊल टाकायचं नाही. मुलांना नवे बूट घालून द्याल, तेव्हा ही सीमाही त्यांना दाखवून द्या.