मोटारीतील काचेचा पडदा आणि चालकाची नजर

मोटार चालविणाऱ्या माणसाचे हात आणि पाय कामात गुंतलेले असतात, हे आपण सारे जाणतो. परंतु या चारही अवयवांपेक्षा मोठी जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर असते. हात क्षणभर सैल पडला, तर गाडी बहुधा सरळच जाते. नजर क्षणभर रस्त्यावरून हटली, तर पुढे काय आले हे कळावयासच वाव उरत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत उंची सेडान गाड्यांच्या अंतर्भागात जो पालट झाला आहे, तो या एकाच कसोटीवर पारखून पाहावा, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, कोटीच्या घरात किंमत असलेल्या गाड्यांशी आपल्याला काय कर्तव्य? शंका रास्त आहे. परंतु आज श्रीमंताच्या गाडीत जे नवलाईचे वाटते, ते काही वर्षांनी साध्या गाडीत येऊन बसते. वातानुकूलन असेच आले. शिवाय या गाड्यांचा उगम जर्मनीत असला, तरी मर्सिडीजच्या एस-क्लासची जुळणी आपल्या पुण्याजवळच्या चाकणलाही होते. आणि गाडी कोणाचीही असो, रस्ता सर्वांचा एकच असतो.

ज्या यंत्रणेविषयी बोलावयाचे, तिला इन्फोटेनमेंट असे नाव आहे. माहिती आणि मनोरंजन या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा तो सांधा आहे. रेडिओ, गाणी, फोन, नकाशा आणि आता वातानुकूलन, आसनाची ऊब, आतील दिवे ही सारी कामे तिच्याकडे सोपविलेली असतात. पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र बटण असे. कामे वाढली, बटणे वाढली, आणि डॅशबोर्डावर जागा पुरेनाशी झाली. अडचण खरी होती. तिच्यावर दोन उपाय निघाले.

पहिला उपाय बीएमडब्ल्यू कंपनीने 2001 साली आपल्या सेव्हन सीरीज गाडीत आणला. त्याचे नाव आयड्राइव्ह. दोन आसनांच्या मधल्या उंचवट्यावर एक मोठे फिरते बटण आणि समोर डॅशबोर्डावर एक पडदा. बटण फिरवावे, सरकवावे, दाबावे, आणि पडद्यावरील यादीतून हवे ते निवडावे. ऑडीने ए-एट गाडीत लवकरच अशीच योजना केली, आणि मर्सिडीजनेही 2005 च्या एस-क्लासमध्ये तीच वाट धरली. आरंभी आयड्राइव्हवर टीकेची झोड उठली; क्षुल्लक कामासाठी यादीमागून यादी उलगडावी लागते, अशी लोकांची तक्रार होती. तरीही या बटणाचा एक गुण नाकारता येत नाही. हात टेकलेला राहतो, बटण शोधण्यासाठी खाली पाहावे लागत नाही, आणि ते एक घर पुढे सरकले की बोटाला तसा ठोका जाणवतो.

दुसरा उपाय म्हणजे टचस्क्रीन, अर्थात बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा. मोटारीत तो पहिल्याने आला 1986 च्या ब्यूक रिव्हिएरा या अमेरिकन गाडीत. ग्राहकांना तो रुचला नाही आणि काही वर्षांतच मागे पडला. पुढे मोबाइल फोनने साऱ्या जगाच्या बोटांना काच चोळण्याची सवय लावली, आणि 2012 मध्ये टेस्लाने मॉडेल एस या सेडानमध्ये सतरा इंचांचा उभा पडदा बसविला. मग जर्मन कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. 2017 च्या ऑडी ए-एटमध्ये फिरते बटण जाऊन एकाखाली एक असे दोन पडदे आले. ते दाबले असता बोटाला हलका धक्का जाणवावा, अशी सोय मात्र ठेवली होती. 2020 च्या एस-क्लासमध्ये मधला पडदा 12.8 इंचांपर्यंत गेला, आणि आधीच्या गाडीपेक्षा 27 बटणे कमी झाली. 2021 च्या मर्सिडीज ईक्यूएसमध्ये तर डॅशबोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 141 सेंटिमीटर लांबीची काच बसविता येऊ लागली. बीएमडब्ल्यूने 2022 च्या सेव्हन सीरीजमध्ये फिरते बटण राखले. पण वातानुकूलनाची बटणे तिथेही पडद्यात गेली.

कारखानदारांनी हे केवळ हौसेपोटी केले असे नाही. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, जोडणीचे श्रम लागतात. पडद्यावर नुसते चित्र उमटवावयाचे असते, आणि गाडी विकल्यानंतरही ते बदलता येते. पडद्याचे गुणही मान्य केले पाहिजेत. नकाशा पाहणे, गाडी मागे घेताना मागचे दृश्य दिसणे, गावाचे नाव अक्षरे टिपून लिहिणे, ही कामे पडद्यावर जितकी सुकर होतात तितकी बटणाने होत नाहीत. फिरत्या बटणाने एकेक अक्षर गाठणे म्हणजे मोठेच दिव्य.

मग दोष कोठे आहे? दोष असा, की गुळगुळीत काचेवर बोट आंधळे होते. स्वयंपाकघरातील गृहिणी मिसळणाच्या डब्यातून मोहरी आणि हळद न पाहता उचलते. पेटीवादक सुरांकडे न पाहता गायकाकडे पाहतो. त्यांच्या हातांना जागा ठाऊक असते, कारण ती जागा बदलत नाही आणि स्पर्शाने ओळखू येते. पडद्यावरील चित्राला उंचसखलपणा नाही. यादी बदलली की त्याची जागाही बदलते. म्हणून प्रत्येक वेळी डोळ्यांना हाताच्या मदतीला धावावे लागते. त्यात रस्ता खडबडीत असला, तर अधांतरी धरलेले बोट भलत्याच चित्रावर पडते. आपल्याकडे तर स्टिअरिंग उजवीकडे असल्याने पडद्याला डावा हात लावावा लागतो, आणि बहुतेकांचा तो हात बारीक कामाला तितकासा सरावलेला नसतो.

येथे थोडे गणित करू. ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे 55 मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने 2013 साली कारखानदारांना अशी शिफारस केली, की कोणत्याही कामासाठी चालकाची एकेक नजर सरासरी दोन सेकंदांपेक्षा अधिक काळ रस्त्यावरून हटू नये, आणि सारे काम मिळून बारा सेकंदांपेक्षा अधिक लागू नयेत.

प्रत्यक्षात काय घडते, याची परीक्षा ‘वी बीलेगारे’ या स्वीडिश मोटार-मासिकाने 2022 साली घेतली. विमानतळाच्या मोकळ्या धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटर वेगाने गाड्या चालवून चालकांना चार साधी कामे सांगितली. त्यांत आसन ऊबदार करणे, रेडिओचे ठराविक केंद्र लावणे, दिव्यांचा प्रकाश मंद करणे अशा गोष्टी होत्या. यंत्रणा समजून घेण्यास चालकांना आधी वेळही दिला होता. 2005 सालच्या, बटणांच्या जुन्या व्होल्वो गाडीत ही कामे दहा सेकंदांत, 306 मीटर अंतरात उरकली. टेस्ला मॉडेल थ्री या सेडानमध्ये 23.5 सेकंद लागले आणि गाडी 717 मीटर पुढे गेली. बीएमडब्ल्यूच्या आयएक्समध्ये 30.4 सेकंद व 928 मीटर लागले.

या आकड्यांतून एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. आयएक्समध्ये फिरते बटण होते, तरी वेळ अधिक लागला. उलट व्होल्वोच्या नव्या, पडदा असलेल्या गाडीत ही कामे 13.7 सेकंदांत झाली. तात्पर्य, केवळ बटण असल्याने भागत नाही आणि केवळ पडदा असल्याने बिघडत नाही. नेहमीचे काम किती याद्यांच्या तळाशी पुरून ठेवले आहे, यावर सारे अवलंबून आहे.

बोलून आज्ञा देणे हा यावरचा तिसरा उपाय सांगितला जातो. त्याने हात मोकळा राहतो हे खरे. पण मन मोकळे राहतेच असे नाही. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांना 2015 साली असे आढळले, की काही यंत्रणांशी बोलून झाल्यावरही चालकाचे लक्ष पूर्ववत होण्यास 27 सेकंदांपर्यंत वेळ लागतो.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. जर्मनीत टेस्लाचा एक चालक मुसळधार पावसात वायपरचा वेग पडद्यावरून बदलू लागला, आणि त्या नादात गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. कार्ल्सरूए येथील वरिष्ठ न्यायालयाने 2020 साली त्याचा 200 युरो दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम केली. पावसात वायपर लावणे हे तर चालकाचे कर्तव्यच. पण ते बजावण्याचे साधनच अशा जागी ठेवले होते, की ते वापरताना दुसऱ्या कर्तव्यात कसूर व्हावी. शिक्षा चालकाला झाली. साधन तेथे ठेवणाऱ्याला नव्हे.

आता वारा फिरू लागला आहे. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने 2026 पासून नवा नियम लागू केला आहे. दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीची हाक यांसाठी हाताला लागणारे स्वतंत्र साधन नसेल, तर गाडीचे गुण कमी होतात.

गाडी घेणाऱ्याने काय करावे? दुकानात उभ्या गाडीतला पडदा पाहून भुलू नये; उभ्या गाडीत सर्वच सोपे वाटते. चालकाच्या आसनावर बसून नजर समोर ठेवावी आणि समोरच्या काचेवरची वाफ घालविणे, वायपरचा वेग बदलणे, आवाज कमी करणे आणि गारवा वाढविणे ही चार कामे करून पाहावी. ज्या कामासाठी मान वळवावी लागली, ते काम धावत्या गाडीतही मान वळवावयास लावणार, हे निश्चित समजावे.

शेवटी एक गोष्ट. आपल्या देशात या उंची गाड्या पुष्कळदा पगारी चालक चालवितात. गाडीची सारी कौतुके विक्रेता मालकाला दाखवितो, आणि चालकाच्या हाती केवळ किल्ली पडते. ज्याच्या नजरेवर आपला आणि रस्त्यावरील इतरांचा जीव सोपवावयाचा, त्याला पहिल्याच दिवशी, गाडी उभी असताना, हा पडदा शांतपणे शिकू द्यावा. आणि गाडी धावत असताना मागच्या आसनावरून ‘अमुक गाणे लाव’ अशी आज्ञा करू नये. एवढी समजूत आपण दाखविली, तर चालकाची नजर जेथे असावयास हवी तेथेच राहील.