खाटेपाशी थांबणारं नेतृत्व

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेला बढती मिळाली की ती परिसेविका होते, पुढे अधिसेविका. दर पायरीला रजिस्टरं, ड्युटीचा तक्ता आणि इंडेंट वाढत जातात, रुग्ण मात्र लांब पडतो. वर्षानुवर्षं हातात मुरलेलं कसब शेवटी टेबलामागे जाऊन बसतं. प्रगत परिचर्येकडे मी आशेने बघते ती यासाठीच. शिक्षण, अधिकार आणि मान वाढूनही परिचारिकेला खाटेपाशी राहता यावं, अशी ही वाट आहे.

1965 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर' या प्रगत परिचारिकेसाठीचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. 2018 साली केंद्राने प्रसूतिसेवेसाठी 18 महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्स प्रॅक्टिशनरची कल्पना मांडली.

पण शिक्षणाबरोबर नेतृत्वही हवं. त्यावरच्या व्याख्यानांत रॉबर्ट ग्रीनलीफ यांचं 'सेवक-नेतृत्व', म्हणजे नेता आधी सेवक असावा हा विचार, हमखास येतो. त्यांचा 1970चा निबंध मोलाचा आहे, पण तो व्यवस्थापनाच्या जगातून आला आहे. तिथल्या अधिकाऱ्याला सेवा शिकवावी लागते. आमच्या मुलींना सेवा पहिल्या दिवसापासून शिकवलेलीच असते. त्यांना शिकवायचं राहतं ते ठाम बोलणं.

रात्रपाळीत एखाद्या रुग्णाचा श्वास मिनिटाला 18 वरून 28 वर जातो, लघवी कमी होते, माणूस थोडा बरळू लागतो. रक्तदाब अजून ठीक असतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असल्याची ही खूण असू शकते, आणि ती सगळ्यांत आधी दिसते ती सिस्टरला. 'सर, बघून जा ना जरा' एवढ्यावर ती थांबली तर अमूल्य तास जातात. आकडे सांगून, शंका नाव घेऊन मांडून, 'आत्ताच या' असं म्हणणं हे माझ्या लेखी नेतृत्व. आणि शेजारी उभ्या नवशिक्या मुलीला तेच आकडे वाचायला शिकवणं हा त्याचा दुसरा, अधिक टिकाऊ भाग. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या. वरच्या पायरीवरची बाई खालचीला हात देत नसेल, तर तिचं पदव्युत्तर शिक्षण तिच्यापुरतंच राहिलं.

अनुभवी बाईने नवीला हात देण्याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयाच्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973पासून 2015पर्यंत सांभाळलं. निवृत्त होणाऱ्यांनी नव्यांच्या हाती ही जबाबदारी दिली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने, अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं मानलं. कुठल्याही पदाने त्यांना तो हक्क दिला नव्हता, रोजच्या शुश्रूषेने दिला होता.

पण अशा निष्ठेवर व्यवस्थेने फुकट विसंबू नये. नर्स प्रॅक्टिशनर शिकून बाहेर पडली आणि तिला पुन्हा साध्या पाळीवरच लावलं, तर दोन वर्षं वाया जातात. तिच्यासाठी स्वतंत्र मंजूर पद हवं, कोणती औषधं ती स्वतः सुरू करू शकते याचा लेखी नियम हवा आणि त्या कामाचा वेगळा पगार हवा. राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा 2023 साली झाला आहे. आता राज्याने ही पदं निर्माण करावीत, आणि परिचारिका संघटनांनी बदल्या-भत्त्यांच्या मागण्यांबरोबर हीही मागणी लावून धरावी.